चादरीवरचे मीठ

मिठाचा वाफा पायांनी तयार होतो. समुद्राचे पाणी बांधाच्या दारातून आत घेता येते, चिखल फावड्याने सारखा करता येतो. पण तळ घट्ट बसवायचा तर माणसाची अनवाणी टाचच लागते. वस्तीतल्या बारा घरांची पंचवीस माणसे गेले अकरा दिवस त्या पडक्या मिठागराच्या तळावर टाचा आपटत होती. ओळीने उभे राहायचे, खांद्याला खांदा लावायचा, एका पायाने दाबायचे, दुसऱ्याने ठोकायचे आणि चार बोटे पुढे सरकायचे. ऊन वरून लागत होते त्याहून जास्त खालून लागत होते. ओला तळ आरशासारखा चकाकायचा आणि सगळ्यांच्या हनुवटीखालची कातडी भाजून निघायची.

ठेका म्हाताऱ्याचा होता. तो ओळीच्या टोकाला काठी टेकून उभा असायचा. गुडघे सुजून गाठोड्यासारखे झालेले, पण टाच पडायची ती नेमकी. तरुणपणी एका बुवांनी गाऊन सांगितलेली कथा त्याने सात दिवस ऐकली होती. तिच्यातली एवढीच ओळ त्याच्यापाशी उरली होती, आणि आयुष्यभराची चोपणी, म्हणजे टाचांनी तळ ठोकणे, त्याने तिच्यावर केली होती.

"ठरू दे पाय, ठरू दे मन, तुझ्या दारी ठरू दे."

शेवटच्या 'ठरू दे'ला पंचवीस टाचा एकदम खाली जायच्या.

"बाबा, पुढचं कडवं म्हणा की," जाडीने हाक दिली. जाडी म्हणजे वाळून काडी झालेली बाई. नाव कुणी ठेवले ते तिलाही आठवत नव्हते. "अकरा दिवस देवाच्या दारातच उभे आहोत. आत कधी घेणार?"

"पुढच्या कडव्याला मला डुलकी लागली होती," म्हातारा म्हणाला.

"घ्या. म्हणजे आपलं नशीब तुमच्या डुलकीत अडकलंय होय."

ओळ हसली आणि ठेका चुकला. म्हाताऱ्याने काठी आपटली. हसू ओठांत धरून पाय पुन्हा कामाला लागले.

थोरली मधोमध होती. ती म्हाताऱ्याची सून. धाकटा दीर लग्नाआधीच खाडीत बुडाला, म्हणून घरात धाकटी जाऊ कधी आलीच नाही. तरी हिला सगळे थोरलीच म्हणत. हे आगर घ्यायचे खूळ तिचे. बांध फुटल्यापासून ते नऊ वर्षे ओसाड पडले होते. जमीन सरकारी कचेरीची. मागच्या पावसाळ्यात एका संस्थेच्या बाई वस्तीत आल्या आणि म्हणाल्या, तुमची प्रगती तुम्हीच करायची, आम्ही फक्त पाठीशी उभ्या राहू. जाडीने विचारले होते, पाठीशी म्हणजे किती मागे? बाई हसल्या होत्या. पण थोरलीने ते हसण्यावारी नेले नाही. बारा घरांच्या उंबऱ्यांवर ती एकेक करून बसली, कचेरीच्या सात खेपा केल्या, आणि आगर एका हंगामासाठी वस्तीच्या मंडळाला मिळाले.

अट साधी होती. वारा पावसाकडे फिरायच्या आत घरटी एक अशा पांढऱ्या मिठाच्या बारा राशी बांधावर उभ्या राहिल्या, तर आगर दहा वर्षे वस्तीचे. नाही राहिल्या, तर लिलाव. आणि लिलावात बोलणारा या किनाऱ्यावर एकच होता, शेजारच्या मोठ्या आगराचा मालक, ज्याच्याकडे या बारा घरांच्या तीन पिढ्या राबल्या होत्या. वस्तीने आपले आगर घेतले हे कळले त्याच दिवशी त्याच्या हजेरीतून बाराही घरांची नावे उडाली होती.

दुपारी मुकादम बांधावरून सायकल हातात धरून आला. मोठ्या आगराचा मुकादम, डोक्याला ओला रुमाल.

"काय थोरले, मालकीण झालीस म्हणे."

"मालकीण कसली, मुकादम. पाय तेच आहेत."

"पाय तेच, पण पाणी?" त्याने रुमाल सोडून पुन्हा बांधला. "उद्यापासून गोड्या पाण्याच्या नळावर हंडे लावू नका. नळ हजेरीवाल्यांसाठी आहे. मी नाही म्हणत, मालक म्हणतात."

"प्यायचं पाणी आहे मुकादम. आंघोळीला नाही मागत."

"मग प्या की. समोर केवढं पडलंय." त्याने समुद्राकडे हनुवटी केली आणि सायकलवर टांग टाकली.

म्हाताऱ्याने ओळ उचलली, टाचा पडल्या. दुसऱ्या दिवसापासून बायका पहाटे उठून रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या. जायला तास, यायला तास. मग चोपणी.

थोरलीच्या नवऱ्याला ओढ्या म्हणत. दांड्याला जोडलेली लाकडी फळी घेऊन वाफ्यातले मीठ कडेला ओढायचे काम तो करी, आणि त्याच्याइतके झपाट्याने ओढणारा मोठ्या आगरात दुसरा नव्हता. बोलायचा कमी. संध्याकाळी दारात बसून तो टाचांच्या भेगांत मेण भरत होता.

"तुम्हांला अजून पटलेलं नाही ना?" थोरलीने विचारले.

"पटलं नसतं तर पाय कशाला फोडले असते?"

"मग गप्प का?"

"चोपणी माझं काम नाही. एकदा मीठ धरू दे. मग बघ." त्याने भिंतीला टेकवलेल्या फळीकडे पाहिले. दांडा त्याच्या तळव्यांनी झिजून मधोमध बारीक झाला होता. "सगळ्यांच्या आधी आपली रास उभी राहील."

आतून म्हातारा म्हणाला, "रास उभी राहील तेव्हा राहील. तळ सांभाळ."

"तळाला काय होतंय बाबा?"

म्हातारा गुडघ्यांना गरम फडके गुंडाळत होता.

पाणी घेतले तो दिवस चांगला गेला. भरतीचे पाणी बाहेरच्या मोठ्या तळ्यात घेतले, तिथून तापत तापत, जड होत होत ते सहा वाफ्यांत आले. एक वाफा दोन घरांचा. प्रत्येक वाफ्यात म्हाताऱ्याने एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर बोटाबोटाच्या खाचा केल्या. उन्हाने पाणी दिवसाला एक बोट उतरायला हवे, जास्त नाही, कमी नाही. सकाळी उठले की माणसे आधी खुंटीकडे जात, मग तोंड धूत.

नवव्या दिवशी पाण्यावर मिठाची साय धरली. जाडी काठावर बसून बोटाने ती हलवत राहिली. "लेकरू निजलंय," ती म्हणाली, "हळू बोला." तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण मिठाच्या चकाकीने सगळ्यांच्याच डोळ्यांत येते, म्हणून कुणी काही विचारले नाही.

मग पहिली ओढणी आली, मीठ फळीने कडेला ओढून काढायचा दिवस. म्हातारा बांधावर उभा राहून एकच गोष्ट सांगत होता. "वरवर ओढा. तळाला लागू नका. पाण्यावरून हात फिरवल्यासारखी फळी फिरवा."

"बाबा, ओढ्याला फळी शिकवताय?" कुणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. ओढ्याही हसला.

तो वाफ्यात उतरला, पाय फाकवून उभा राहिला आणि फळी टाकली. खांदा मागे, कंबर खाली, एक झटका. मीठ कुरकुरत कडेला आले. पुन्हा झटका. थोरली पाटी धरून मागे उभी होती. बाकीच्यांची एक पाटी भरेतो त्याच्या दोन भरल्या. बांधावर पांढरी टेकाडे दिसू लागली. संस्थेच्या बाई आल्या, त्यांनी फोटो काढले, सगळ्यांना टेकाडाशेजारी उभे केले. ओढ्याला फळी घेऊन पुढे बसवले. त्याने फोटोसाठी सदरा घातला होता आणि त्या सदऱ्यात तो अवघडून गेला होता.

दुसऱ्या ओढणीचे मीठही बरे निघाले. तिसऱ्या ओढणीला थोरलीने पाटी उतरवली तेव्हा तिला रंग वेगळा दिसला. पांढऱ्यात राख कालवल्यासारखा. तिने मूठभर मीठ पदरात बांधले आणि कुणाला दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वाफ्याच्या खुंटीवर पाणी तीन बोटे उतरले होते.

"ऊन कडक होतं काल," ओढ्या म्हणाला.

"ऊन सगळ्यांवर सारखंच होतं," थोरली म्हणाली. शेजारच्या वाफ्यात दीड बोट. पलीकडे दोन.

म्हातारा आला. त्याने काठी बांधावर ठेवली आणि तो वाफ्यात उतरला. उतरला म्हणजे बसून, सरकत सरकत. खाऱ्या पाण्यात गुडघे बुडाले तेव्हा त्याचे तोंड वाकडे झाले, कारण गुडघ्यांवरची कातडी फुटलेली होती. त्याने तळहात पाण्यात घातला आणि आंधळा माणूस ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपतो तसा तळ चाचपू लागला. बराच वेळ. मग त्याने थोरलीला बोलावले.

"हात घाल."

तिने घातला. टाचांनी दगडासारखा बसवलेला तळ तिच्या बोटांना लागला, आणि त्यात चर. एकाशेजारी एक, फळीच्या रुंदीचे, ओळीने. चरांत बोट रुतत होते. पाणी तिथूनच जमिनीत जात होते.

ओढ्या बांधावरून पाहत होता. "मी वरवरच ओढली," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने पाण्यातून हात काढला आणि बोटांवरचा काळा चिखल पाहिला.

"बाबा, शपथ. मी वरवरच ओढली."

"ओढ," म्हातारा म्हणाला. "आता ओढ. माझ्यासमोर."

ओढ्याने फळी घेतली. या वेळी सावकाश. फळी पाण्यावर ठेवली, हलकेच मागे घेतली. सुरुवातीला हलकीच आली. मग अर्ध्यावर खांदा आपोआप मागे गेला, मनगट वळले, फळीची कड खाली बसली आणि पाण्यात काळसर ढग उठला. त्याने पुन्हा करून पाहिले. पुन्हा ढग. तिसऱ्यांदा त्याने दात आवळले होते, तरी शेवटच्या हातभर अंतरात मनगट वळलेच.

त्याने फळी पाण्यात सोडून दिली. स्वतःच्या हाताकडे तो असा पाहत राहिला, जणू कुणी दुसऱ्याचा हात आपल्या अंगाला लावून गेले आहे.

"ऐकत नाही," तो म्हणाला.

त्याच दुपारी बारा घरे मिठाच्या छपराखाली जमली. सहाही वाफे चाचपून झाले होते. सहाही वाफ्यांत चर होते, कुठे कमी, कुठे जास्त. पहिले काही क्षण सगळे ओढ्याकडे पाहत होते.

"तुझ्यामुळं," एकजण म्हणाला. "तुझं बघून आम्ही पण जोर लावला."

ओढ्याने मान खाली घातली. तेव्हा थोरली उठली.

"त्याला बोलू नका. मी शिकवलंय त्याला."

तिला सांगायला जड गेले, पण तिने सांगितले. चौदा वर्षांपूर्वी पोरगी तापाने फणफणली होती. मोठ्या आगरात पाटीवर हिशेब; जितक्या पाट्या तितक्या मजुरीच्या चिठ्ठ्या. हिने नवऱ्याच्या मागे पाटी धरून उभे राहून त्याला म्हटले होते, खोल ओढा. तळाची माती येऊ दे, पाटी लवकर भरते, वजनही चढते. मुकादमाला काय कळतंय. तो आधी नको म्हणाला होता. ती म्हणाली होती, ओढा हो, पोरगी जाईल. दिवसभर ती मागून तेवढेच म्हणत राहिली. खोल ओढा, खोल ओढा. पोरगी वाचली. आता शहरात मावशीकडे राहून शिकते. आणि ते ओढणे वस्तीत घरोघर गेले.

"मला कुणी नाही शिकवलं," जाडी म्हणाली. "मी आपली जन्मजात चोर."

कुणी हसले नाही. जाडीही हसली नाही. "खरं सांगायचं तर बाई, मला त्यात गोडी वाटायची. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खायच्या, आणि प्रत्येक पाटीत त्याला थोडी थोडी माती चारायची. तेवढंच आपलं. घरी जाताना छाती जरा वर असायची."

"मालकाचं काय गेलं त्यात?" म्हातारा म्हणाला.

तो कोपऱ्यात पाय पसरून बसला होता. इतकी वर्षे जे बोलला नव्हता ते तो अगदी साध्या आवाजात बोलला.

"मालकाचं काही गेलं नाही. तळ तुम्ही खरवडत होता. दर हंगामाआधी तो पुन्हा चोपायचा कुणी? मी. चोपणी हजेरीत धरत नाहीत, तुम्हांला माहीत आहे. चोपायला आला तरच हंगामात नाव लागतं. माझा बाप तीन दिवस चोपायचा. मी पाच दिवस चोपायला लागलो, मग आठ, मग दहा. दरवर्षी चर खोल, दरवर्षी दिवस जास्त. मला वाटायचं, कशानं होतंय? एकदा हात घातला तेव्हा कळलं. माझ्याच लेकाची फळी होती. रुंदी ओळखली."

ओढ्याने वर पाहिले.

"मग बोलला का नाहीत बाबा?"

"पोरगी आजारी होती," म्हातारा म्हणाला. "नंतर सवय झाली. तुला फळीची. मला गप्प बसायची."

छपराच्या पत्र्यावर वारा वाजत होता. ओढ्याची नजर बापाच्या गुडघ्यांवर गेली आणि तिथून हलेना.

दुरुस्तीला वेळ थोडा होता आणि ती दुहेरी होती. तळ पुन्हा चोपायचा आणि हात नव्याने घडवायचा. तीन वाफ्यांतले पाणी काढून ते आधी चोपायला घेतले, बाकीचे तीन त्यांच्यानंतर. तोवर त्या तीनांत ओढणी चालू ठेवायची, पण कुणाच्या हातावर विश्वास नव्हता. म्हाताऱ्यानेच तोड काढली.

"चादर आण," त्याने थोरलीला सांगितले.

"कुठली?"

"अंथरायची. घरात दुसरी कुठली आहे?"

तिने चादर आणली. लग्नातली, मधोमध विरलेली. म्हाताऱ्याने ती उथळ पाण्यात तळावर पसरली, कडांवर ढेकळे ठेवली आणि वर मिठाचा बोटभर थर टाकला. "ओढ. चादरीला सुरकुती पडता कामा नये."

पहिल्या झटक्याला चादर फळीत गोळा होऊन आली. ढेकळे लावून पुन्हा पसरली. पुन्हा गोळा. ओढ्या दिवसभर तेच करत राहिला. बाजूला बाकीच्या घरांनीही आपापल्या चादरी आणल्या, कुणी गोधडीचे कापड, कुणी गोणपाट. ते दिवस पाहणाऱ्याला वेडे वाटले असते. एकीकडे ओळ टाचा आपटते आहे, दुसरीकडे दांडगी माणसे चादरीवरचे मीठ ओढतात आणि सुरकुती पडली की लहान मुलासारखी चिडतात.

मुकादम बांधावर थांबला. "कपडे धुताय का रे? धोब्याचा परवाना वेगळा लागतो."

"तुमचा रुमाल द्या," जाडी म्हणाली. "तोही खळबळून काढते."

पाचव्या दिवशी ओढ्याने वेगळा प्रयोग केला. त्याने डोळे मिटले. फळी पाण्यावर ठेवली आणि बापाचा ठेका ओठांत धरला. ठरू दे. फळी आली, मीठ आले, चादर होती तिथेच राहिली. त्याने डोळे उघडले आणि कुणी पाहिले का ते बघितले. थोरलीने पाहिले होते. तिने दुसरीकडे तोंड केले, नाहीतर तो पुन्हा चुकला असता.

म्हातारा मात्र ओळीत उभा राहिला. नको म्हटले तरी राहिला. "माझ्या टाचेशिवाय कोपरे बसत नाहीत," तो म्हणायचा, आणि ते खरेच होते. चौथ्या दिवशी त्याच्या उजव्या गुडघ्याखालची जखम काळी पडली. खाऱ्या पाण्याने जखम धुतली जाते, असे तो म्हणत राहिला. आठव्या दिवशी तो ओळीतच खाली बसला. ओढ्याने त्याला पाठीवर घेतले. बांधावरून घरापर्यंत बापाचे पाय त्याच्या कमरेशी लोंबत होते, आणि बाप पाठीवरून सांगत होता, "मनगट सैल. खांदा नाही, मनगट."

नेहमीच्या हिशेबाने वारा फिरायला चोवीस दिवस उरले होते तेव्हा सहाही वाफे पुन्हा पाण्याखाली आले.

आणि मीठ धरले. असे मीठ त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. खडा न् खडा सुटा, हातात घेतला तर आरपार दिसणारा. पाट्या सावकाश भरत होत्या, फार सावकाश. वरवर ओढलेल्या मिठाची पाटी भरायला दुप्पट वेळ लागतो. पण खुंटीवर पाणी रोज एक बोट उतरत होते, एकच. पहिल्या दोन ओढण्यांच्या पांढऱ्या मिठाच्या तीन राशी आधीच होत्या; आता चौथी उभी राहिली. पाचवी. सहावी. तिसऱ्या ओढणीपासून निघालेले राखेच्या रंगाचे मीठ एका बाजूला ढिगाने पडून होते, पाच राशींना पुरेल इतके.

सातवी रास पूर्ण झाली त्या दुपारी दक्षिणेकडे आकाश तांब्याच्या भांड्यासारखे लाल झाले. संध्याकाळी वारा फिरला.

"अजून कचेरीचा तपासनीस यायला दोन दिवस आहेत," जाडी म्हणाली. ती ढिगाकडे पाहत होती. "करड्या मिठाच्या पाच राशी लावू. वरून वीतभर पांढरं. कोण खणून बघतंय?"

"गज खुपसतात," कुणीतरी म्हणाले.

"सगळीकडे नाही खुपसत. एका कडेला खुपसतात. तिथं पांढरं घालू."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिले. बारा घरांची चूल तिच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिला खरेच होय म्हणायचे होते. ती होय म्हणणार होती. तेवढ्यात ओढ्या बोलला.

"माझ्या हातानं नाही होणार."

"का? हात झिजतील?"

"नाही," तो म्हणाला. त्याने फळी घेतली, हवेतच एकदा ओढून दाखवली, हलकी, सरळ, आणि खाली ठेवली. "हा आत्ता कुठं ऐकायला लागलाय."

जाडी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने करड्या ढिगावर मूठभर मीठ फेकले आणि घराकडे चालू लागली.

तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्याने चप्पल काढून बांधावर पाय ठेवला, विहिरीचे पाणी मागून घेतले, प्रत्येक राशीत चारी बाजूंनी गज खुपसला आणि दर वेळी गज पांढराच बाहेर आला. एक खडा त्याने जिभेवर ठेवला.

"असं मीठ मोठ्या आगरातही बघितलं नाही मी," तो म्हणाला.

"मग साहेब?"

"सात आहेत."

"हो."

"अट बाराची आहे बाई."

थोरलीने तळ फुटल्याचे सांगितले, दुरुस्तीचे सांगितले, वारा आठ दिवस आधी फिरल्याचे सांगितले. तो सगळे ऐकून घेत होता, आणि ऐकता ऐकता कागदावर सातचा आकडा लिहीत होता. लिलाव तीन वर्षांचा असतो, तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करा, तो म्हणाला. संस्थेच्या बाई म्हणाल्या, तुम्ही जे शिकलात ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही. त्यांना ते मनापासून वाटत होते. थोरलीने मान हलवली आणि त्यांच्या ग्लासात पाणी ओतले.

सात राशी एका व्यापाऱ्याच्या गाड्यांतून गेल्या. आगर लिलावात मोठ्या आगराच्या मालकाकडे गेले. पावसाळा कसाबसा निघाला. म्हातारा खाटेवरून उठला नाही. उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला, आणि दुसरा उभे राहण्याच्या कामाचा राहिला नाही.

पुढच्या हंगामाआधी मुकादम वस्तीत आला. हजेरी उघडली आहे, म्हणाला. थोरलीकडे न पाहता त्याने ओढ्याला सांगितले, "तुला घेऊ. फळीवाल्याच्या मागं पाटी लागते, म्हणून हिलाही. तोंड मिटून राहायचं."

चोपणी त्यांना त्यांच्याच आगरात लागली. सहा वाफे, खुंट्या अजून उभ्या. तळ चांगला होता, तीन दिवसांत आटपले. ओळीला ठेका द्यायला कुणी नव्हते. टाचा पुढेमागे पडत होत्या, पावसाच्या शेवटच्या थेंबांसारख्या. मग जाडीने अचानक सूर लावला, बेसूर, "ठरू दे पाय," आणि ओळ सावरली.

पहिल्या ओढणीच्या दिवशी मुकादम बांधावर उभा होता. इतर वाफ्यांतून पाट्या जात होत्या, येत होत्या. ओढ्याच्या मागे थोरलीची पाटी अर्ध्यावर होती. फळी पाण्यावरून हलकी जात होती, हलकी येत होती.

"काय रे ओढ्या, झोपलास का?"

"ओढतोय मुकादम."

"हे ओढणं? पूर्वीसारखं ओढ की. जोर लाव."

"खालचं येतं."

"येऊ दे." मुकादम हसला. "इतकी वर्षं आम्ही काय आंधळे होतो? हे चामडेवाल्यांना जातं. त्यांना रंगाशी काय करायचंय? वजन पाहिजे. आणि तळ काय, पुढच्या वर्षी तुम्ही चोपणारच आहात." त्याने घड्याळ पाहिले. "दुपारपर्यंत वीस पाट्या झाल्या नाहीत तर दोघंही घरी."

तो पुढच्या वाफ्याकडे गेला. ओढ्या फळी धरून उभा राहिला. त्याच्या मानेवर मीठ सुकून पांढरी रेघ पडली होती. शेजारच्या वाफ्यातून जाडी भरली पाटी घेऊन गेली. पाटीतले मीठ राखेच्या रंगाचे होते. जाताना ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

ओढ्याने मान वळवून थोरलीकडे पाहिले. चौदा, आता पंधरा वर्षांपूर्वी पाहिले होते तसेच. तो वाट पाहत होता. तिने एक शब्द उच्चारायचा होता, तिचाच जुना शब्द, आणि तिच्या तोंडात तो आला होता. घरी खाटेवर म्हातारा होता, त्याचे औषध होते, शहरातल्या पोरीची फी होती.

"किती झाल्या?" त्याने विचारले.

"तीन."

"वीस होणार नाहीत."

"नाही होणार."

वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उठवल्या आणि मिटवल्या. खाली तळ दिसत होता, सारखा, घट्ट, कोपऱ्यात म्हाताऱ्याच्या टाचेचा खोलगट ठसा अजून तसाच.

थोरलीने अर्धी पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"हात असाच राहू दे," ती म्हणाली, आणि बांधावर मुकादम उभा होता त्या दिशेने चालू लागली.